मुद्दाम हरावं लागत नाही असे खेळ

लहान मुलं असलेल्या घरासाठी खेळ निवडताना मी खोक्यावर छापलेलं वय नंतर बघते. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: हा खेळ मला मनापासून, जिंकायच्या इराद्यानं खेळता येईल का? समोरच्या चार वर्षांच्या पोरासाठी मोठ्या माणसाला मुद्दाम चुकीचं पान टाकावं लागत असेल, तर तो खेळ फार दिवस टिकत नाही. मोठे कंटाळतात, आणि मुलांना ते कळतं. माझी भाची सहा वर्षांची असताना तिनं भर डावात हातातली पानं खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "आत्या, तू मुद्दाम हरतेयस ना?" तेव्हापासून ही कसोटी पक्की झाली.

खेळणारी मंडळी अशी. थोरली आता सात वर्षांची आहे, तिला वाचता येतं आणि हरणं अजिबात सोसत नाही. धाकटा चार वर्षांचा. त्याला रंग ओळखता येतात, वीसपर्यंत मोजताही येतं (मधले पंधरा-सोळा कधीमधी गाळून), आणि फासा टाकायला मिळाला की जिंकलं कोण याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. दादाची सहनशक्ती वीस मिनिटांची. वहिनी नियमपुस्तिका शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, त्यामुळे सगळे वाद तिच्याकडे जातात. आणि आई, म्हणजे मुलांची आजी, पत्ते हातात आले की नातवंडं वगैरे ओळखत नाही.

बहुतेक घरांत पहिला येतो तो निव्वळ नशिबाचा खेळ. सापशिडी, नाहीतर ‘कँडी लँड’. कँडी लँड एलिनॉर ॲबट नावाच्या शिक्षिकेनं १९४८ साली सॅन डिएगोमध्ये पोलिओच्या वॉर्डात असताना तिथल्या मुलांसाठी तयार केला आणि पुढच्याच वर्षी मिल्टन ब्रॅडली कंपनीनं तो बाजारात आणला. मोजता न येणाऱ्या मुलांनाही खेळता यावं म्हणून त्यात फासा नाही, फक्त रंग आहेत. पान उचलायचं आणि त्या रंगाच्या पुढच्या घरात जायचं. या खेळाची कथा मला फार आवडते, खेळ आवडत नाही. पानं पिसून गठ्ठा खाली ठेवला की निकाल जवळजवळ लागलेलाच असतो. पुढची पंधरा मिनिटं आपण तो फक्त उलगडून बघतो. सापशिडीतही हेच. मुद्दाम हरावं लागत नाही हे खरं, पण मनापासून खेळण्यासारखंही काही नसतं. शिवाय शंभराव्या घरापर्यंतची वाट लांब: अमेरिकेत जो पट सगळ्यात जास्त चालतो त्यावर एका सोंगटीला सरासरी चाळीसच्या आसपास चाली लागतात. अठ्ठ्याण्णववरच्या सापानं गिळल्यावर धाकटा शांतपणे खाली येतो आणि थोरली पट उधळते.

तरी सापशिडी घरात असेल तर टाकून देऊ नका. दोन फासे घ्या, दोन्ही एकदम टाका आणि त्यातला कुठला चालवायचा ते खेळणाऱ्यानं ठरवायचं, एवढाच नियम बदला. चार घेतले तर साप, दोन घेतले तर शिडी. आता मुलाला दोन्ही वाटा बोटानं मोजून बघाव्या लागतात आणि निवड त्याची स्वतःची होते. धाकटा दोन्ही घरांवर बोट ठेवून इतका वेळ विचार करतो की दादाची वीस मिनिटं तिथेच संपतात. लुडोत दुसरी अडचण आहे, सहा पडेपर्यंत नुसतं बसून राहणं. आम्ही एक सोंगटी आधीच बाहेर ठेवतो आणि चारऐवजी दोनच सोंगट्यांनी खेळतो. वहिनीला हे मान्य नव्हतं. आता आहे.

दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी एकच खोका घ्यायचा तर ‘माय फर्स्ट ऑर्चर्ड’. ‘हाबा’ या जर्मन कंपनीचा मूळ ‘ऑर्चर्ड’ १९८६ चा, आणि ही त्याचीच छोट्यांसाठी केलेली सुटसुटीत आवृत्ती. चार झाडं, प्रत्येकावर चार लाकडी फळं, आणि पाच तुकड्यांच्या वाटेवरून बागेकडे निघालेला एक डोमकावळा. फाशावर चार रंग, एक टोपली आणि एक कावळा. रंग पडला की त्या रंगाचं फळ काढायचं, कावळा पडला की तो एक पाऊल पुढे. तो बागेत पोचायच्या आत सगळी फळं काढली तर आपण सगळे जिंकलो, नाहीतर कावळा जिंकला. फळं मुठीत छान बसतात आणि तोंडात जाण्याइतकी लहान नाहीत.

या खेळात निवड एकाच ठिकाणी आहे: टोपली पडली की हवं ते फळ घेता येतं. मुलं आवडत्या रंगाचं घेतात. शहाणपणाची चाल म्हणजे ज्या झाडावर सगळ्यात जास्त फळं उरलीत तिथलं घेणं, कारण एखादं झाड लवकर रिकामं झालं की त्या रंगाचा फासा वाया जायला लागतो. थोरलीनं हे न सांगता शोधलं आणि मग भावाला त्याचं आवडतं निळं फळ घेऊ देईना. चार वर्षांनंतर मात्र हा खेळ संपतो. मोठ्यांना सांगितल्याशिवाय मूल एकटंच पट मांडून दोन्ही बाजूंनी खेळायला लागलं की समजायचं, आता पुढचा खोका घ्यायला हवा.

पुढचा खोका माझ्या मते यादीतला सगळ्यात चांगला: ‘ॲनिमल अपॉन ॲनिमल’, हाबाचाच, २००५ चा. लाकडी प्राणी एकमेकांवर रचायचे. तळाला मगर, तिच्यावर साप, सरडा, पेंग्विन, मेंढी, जे जमेल ते. प्रत्येकाकडे सात प्राणी, आणि आपले सगळे ज्याचे आधी संपतील तो जिंकला. फाशावर एक ठिपका आला तर एक प्राणी ठेवायचा, दोन आले तर दोन. हाताचं चित्र आलं तर आपला एक प्राणी दुसऱ्याला देऊन त्याच्याकडून ठेवून घ्यायचा. प्रश्नचिन्ह आलं तर तुम्ही कुठला प्राणी ठेवायचा ते बाकीचे ठरवतात, आणि ते अर्थातच सगळ्यात वेडावाकडा निवडतात. मगर आली की नवा प्राणी तिच्या नाकाला नाहीतर शेपटीला टेकवून टेबलावरच ठेवायचा, म्हणजे पाया रुंद होतो.

या खेळात मला कधीच मुद्दाम हरावं लागलेलं नाही. मी आपोआप हरते. मुलांची बोटं बारीक, डोळे नेमके ढिगाच्या पातळीवर, आणि पाडलं तर काय होईल याची भीती कमी. माझा हात दोन प्राण्यांच्या फटीतच अडतो. आणि हा खेळ तयार करणाऱ्यानं एक नियम फार समजून केलाय: सगळा ढीग कोसळला तरी पाडणाऱ्यानं परत घ्यायचे ते जास्तीत जास्त दोनच प्राणी, बाकीचे खोक्यात. म्हणजे धडाका मोठा पण शिक्षा लहान. लहान मुलांच्या कितीतरी खेळांत याच्या उलट असतं, एका वाईट फाशानं अर्ध्या तासाची कमाई जाते आणि मग कोणीतरी टेबलाखाली रडत बसतं. आमच्याकडे ढीग पडल्यावर रडण्याऐवजी हसू येतं, ते या दोनच्या नियमामुळे. एक सूचना: लाकडाचे तुकडे आहेत, काचेच्या टेबलावर खेळू नका. जाड चादरीवरही नको, पाया डुगडुगतो.

याच जातीचा, पण पत्त्यांचा, म्हणजे ‘र्‍हायनो हिरो’. घडी घातलेली पानं भिंती होतात, सपाट पानं छपरं. प्रत्येक छपरावर खुणा असतात, त्या खुणांवरच पुढच्या भिंती उभ्या करायच्या. काही छपरांवर गेंड्याचं चित्र असतं. ते आलं की पुढच्या खेळाडूनं लाकडी गेंडा खालच्या मजल्यावरून उचलून वर न्यायचा, आणि इमारत नेमकी तेव्हाच पडते. सुरुवातीला हातात पाच छपरं, ती ज्याची आधी संपली तो जिंकला. पाडलं तर पाडणारा बाद, आणि ज्याच्याकडे सगळ्यात कमी छपरं उरली तो विजेता. हा थोरलीचा खेळ. धाकट्याला भिंतीची घडी उभी करता येते पण धीर धरता येत नाही, तो फुंकर मारतो. खोक्यावर पाच वर्षं लिहिलंय ते इथे अगदी बरोबर आहे.

आता सगळ्यांनी मिळून खेळायच्या खेळांबद्दल, कारण ज्या घरात एक मूल हरणं सोसत नाही तिथे लोक हमखास तेच सुचवतात. ‘हूट आऊल हूट’ आम्ही पुष्कळ खेळलो. सूर्य उगवायच्या आत घुबडांना घरट्यात पोचवायचं. प्रत्येकासमोर तीन पानं, तीही उघडी. रंगाचं पान टाकलं की कुठलंही एक घुबड त्या रंगाच्या पुढच्या घरात जातं. वाटेत त्या रंगाच्या घरात दुसरं घुबड बसलेलं असलं तर त्याच्यावरून उडी मारून त्याच रंगाच्या आणखी पुढच्या घरात. म्हणजे घुबडं एकमेकांच्या पुढेमागे नीट बसवली तर एका पानात लांब उडी मिळते. हातात सूर्याचं पान असेल तर तेच टाकावं लागतं आणि सकाळ एक घर जवळ येते. आधी तीन घुबडांनी खेळायचं, जमलं की सहा. हा खेळ सुझन मॅकिन्ली रॉस यांनी रचलाय, आणि २०११ चा जर्मनीतला मोठा पुरस्कार मिळवणारा ‘क्वर्कल’ही त्यांचाच. दोन्हींत एकच हुशारी दिसते, नियम अर्ध्या मिनिटात सांगून होतात आणि विचार करायला मात्र जागा उरते.

अडचण खेळात नाही, थोरल्या मुलात आहे. पानं उघडी असल्यामुळे थोरलीला सगळं दिसतं आणि ती सगळ्यांचे डाव खेळायला लागते. "तू हिरवं टाक. नाही, ते नाही, हे घुबड." धाकट्याच्या हाताला फक्त पान उचलण्याचं काम राहतं. यावर आमच्याकडचा उपाय असा की विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, दिला तर एक सूर्य पुढे. कडक आहे, पण चालतो. धाकटा आता मुद्दाम कुणालाच काही विचारत नाही.

थोरलीला आवडतो तो ‘आऊटफॉक्स्ड’. सोळा कोल्हे संशयित, त्यातला एक चोर. फासे टाकून एकतर संशयितांची पानं उघडायची किंवा पुरावे गोळा करायचे. पुरावा मिळाला की तो एका छोट्या यंत्रात घालून खिडकी उघडायची; हिरवा ठिपका दिसला तर चोराकडे ती वस्तू आहे, नाही दिसला तर नाही. चोराकडे छत्री आहे कळलं की छत्री नसलेले सगळे कोल्हे बाद. हवे ते फासे पडले नाहीत तर चोर तीन घरं पळतो. ‘नाही’ या उत्तरातूनही काहीतरी कळतं हे मुलांना शिकवायला याहून चांगला खेळ मला माहीत नाही. धाकट्याला खिडकी उघडायचं काम दिलंय, त्यावरून भांडण नको म्हणून कायमचं.

साध्या बावन्न पानांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे गेले तर आई मला घरात घेणार नाही. खरं तर एका जोडात इतके खेळ आहेत की नवं काही घ्यायच्या आधी ते संपवावेत. चार वर्षांच्या मुलाशी सगळ्यात आधी जोड्या लावा. पूर्ण गठ्ठा घेऊ नका. इस्पिक आणि किलवरचे एक्का ते सहा, एवढीच बारा पानं पालथी मांडा. काळ्याला काळं, तिरीला तिरी. रांगा सरळ हव्यात, पसारा केला तर मोठ्यांनाही लक्षात राहत नाही. रेवेन्सबर्गर या जर्मन कंपनीनं १९५९ साली चित्रांच्या जोड्यांचा ‘मेमरी’ काढला आणि तो अजून विकला जातो, पण खेळ तोच आहे. यात मी मनापासून खेळते आणि धाकटा मला बरोबरीनं टक्कर देतो. माझं अर्धं लक्ष दुसरीकडे असतं, त्याचं सगळं तिथेच असतं.

मग गुलामचोर. गठ्ठ्यात एकच गुलाम ठेवायचा, बाकीचे तीन बाजूला. शेजाऱ्याच्या हातातलं पान ओढायचं, जोडी जमली की टाकायची, शेवटी गुलाम ज्याच्याकडे तो चोर. इथे नशीब आहेच, पण चेहरा सांभाळणं हेही कौशल्य आहे. धाकट्याला गुलाम आला की तो सगळ्यांना सांगतो. थोरली आता गुलामाचं पान इतरांपेक्षा थोडं वर काढून धरायला शिकलीय, आणि दादा प्रत्येक वेळी तेच ओढतो.

बदाम सात हा आईचा. बदामाची सत्ती टाकून सुरुवात, मग प्रत्येक रंगाची सत्ती आणि तिच्या वर-खाली क्रमानं पानं. सहा वर्षांच्या मुलाला हे सहज जमतं, आणि आकड्यांचा क्रम आपोआप पक्का होतो. खरी मजा अडवण्यात आहे. इस्पिकची अठ्ठी हातात असूनही आई ती टाकत नाही, दुसरीच पानं टाकत राहते, आणि समोर थोरली इस्पिकचे राजा-राणी धरून पास म्हणत बसते. वहिनीचं म्हणणं आजीनं थोडं सोडावं. माझं म्हणणं नाही सोडू. थोरली दोन-तीन वेळा रुसली आणि मग तिनं किलवरची छक्की दाबून ठेवली. आईला जो आनंद झाला तो जिंकल्यावरही होत नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्या पत्त्यांना लागू: लहान मुलांना पानं हातात पंख्यासारखी धरता येत नाहीत. ती पडतात, उलटी होतात, सगळ्यांना दिसतात, आणि मग मूल खेळालाच कंटाळतं. पानं उभी राहतील असे लाकडी स्टँड मिळतात. नसतील तर खोक्याचं झाकण उभं करून त्याच्या आडोशाला पानं मांडू द्या. ‘उनो’ लहानांना जमत नाही असं जे म्हणतात त्यांच्याकडे निम्म्या वेळा अडचण सुरुवातीला हातात येणाऱ्या सात पानांचीच असते.

उनो आलाच आहे तर. मर्ल रॉबिन्स या अमेरिकी न्हाव्यानं १९७१ मध्ये घरच्या मंडळींबरोबर खेळण्यासाठी तो रचला. मूळ जोड १०८ पानांचा. चांगला आहे, प्रवासात नेता येतो, रंग आणि आकडे ओळखणाऱ्या कुणालाही येतो. पण माझ्या कसोटीवर तो काठावर पास. मनापासून खेळायचं म्हणजे पुढच्याला ‘अधिक चार’ द्यायचं, म्हणजे चार पानं उचलायला लावायची, आणि पुढचा चार वर्षांचा असेल तर ते मन घट्ट करून करावं लागतं. शिवाय तो संपता संपत नाही. एक पान उरलेल्याला परत पाच पानांवर आणणं हाच त्या खेळाचा स्वभाव. बरं, अधिक दोनवर अधिक दोन ठेवून शिक्षा पुढे ढकलायची जी पद्धत सगळीकडे चालते ती नियमात नाहीच. उनो काढणाऱ्या मॅटेल कंपनीनं २०१९ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं आणि लोक खवळले. आणि अधिक चारचं पान चालू रंगाचं पान हातात असताना टाकता येत नाही, संशय आला तर आव्हान देता येतं, हेही नियमात आहे. वहिनीनं ते वाचून दाखवल्यापासून आमचे डाव लांबले आहेत.

त्यापेक्षा सात वर्षांच्या आसपासच्या मुलांसाठी मी ‘स्लीपिंग क्वीन्स’ घेईन. मिरांडा एव्हर्ट्स या मुलीला तो सहा वर्षांची असताना सुचला आणि २००५ मध्ये गेमराईट कंपनीनं छापला. मुलीनं रचलाय हे खेळताना जाणवतं. बारा राण्या पालथ्या झोपलेल्या. राजा टाकला की एक राणी जागी होऊन आपली. सरदारानं दुसऱ्याची राणी पळवता येते, ड्रॅगनानं ते थांबवता येतं. औषधाच्या बाटलीनं दुसऱ्याची राणी पुन्हा झोपवता येते, जादूच्या कांडीनं ते थांबवता येतं. मांजरांची राणी आणि कुत्र्यांची राणी एकाच खेळाडूकडे राहू शकत नाहीत, का ते विचारायचं नाही. आकड्यांची पानं एरवी निरुपयोगी, पण त्यांचं गणित जुळलं तर एकदम टाकून तितकीच नवी घेता येतात: दोन, तीन आणि पाच हातात असतील तर दोन अधिक तीन बरोबर पाच. थोरली शाळेच्या बेरजांना कुरकुरते आणि इथे चार पानांची बेरीज जुळवायला धडपडते. खोक्यावर आठ वर्षं लिहिलंय, सहाच्या पुढे बेरीज येणाऱ्या मुलाला चालतो. आणि मी जिंकायला खेळते. चोरी सगळ्यांकडून सगळ्यांची होते, त्यामुळे मनाला लागत नाही.

‘डॉब्बल’बद्दल मतभेद आहेत. गोल ५५ पानं, प्रत्येकावर आठ चित्रं, आणि कुठलीही दोन पानं घ्या, त्यांत नेमकं एकच चित्र सारखं. गणितानं अशी ५७ पानं होऊ शकतात, खोक्यात दोन कमी आहेत. मला ही रचना बघूनच आनंद होतो. मुलांना वेगाचा होतो. पण वेगाच्या खेळात चार आणि सात वर्षांमधला फरक कुठल्याच नियमानं भरून निघत नाही. धाकट्याला चित्र दिसतं पण त्याचं नाव तोंडात येईपर्यंत थोरली ओरडलेली असते. त्याच्यासाठी मुलांची आवृत्ती वेगळी आहे, ३० पानं आणि पानावर सहा प्राणी. तीच आधी घ्या. दोन मुलांच्या वयात फरक कमी असेल तरच मोठी आवृत्ती. घंटा वाजवायच्या ‘हॅली गॅली’लाही हेच लागू, शिवाय घंटेच्या आवाजाला घरातल्या इतरांची संमती हवी.

मोनोपोलीबद्दल थोडक्यात: दहा वर्षांच्या आत नको. दिवाळं निघालेलं मूल दोन तास काय करणार?

खोक्यावरच्या वयाकडे आता वळते. तो आकडा नेहमी एकच गोष्ट सांगत नाही. कधी तो वाचनाबद्दल असतो, कधी हातांच्या कौशल्याबद्दल. त्यातलं वाचन सोडवता येतं, मोठ्यांनी वाचून दाखवलं की झालं. हातांचं कौशल्य सोडवता येत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नाही असं सांगणारी, रडक्या चेहऱ्यावर आडवी रेघ मारलेली खूण मात्र सुरक्षिततेची असते, त्यात घासाघीस नाही. लहान तुकडे घशात अडकतात. घरात रांगणारं मूल असेल तर थोरल्याचा खेळ उंच टेबलावर, आणि खोका बंद करताना तुकडे मोजून.

पुरस्कारांची खूण मदत करते, पण थोडीच. जर्मनीतल्या ‘स्पील डेस यारेस’ पुरस्काराची सोंगटीची खूण खोक्यांवर दिसते. लाल सोंगटी कुटुंबातल्या सगळ्यांच्या खेळाला, निळी मुलांच्या खेळाला. मुलांचा स्वतंत्र पुरस्कार २००१ पासून दिला जातो. २०२१ ची निळी सोंगटी ‘ड्रॅगोमिनो’ला मिळाली आणि तो आमच्याकडे चाललाही. जमिनीचे दोन-दोन भागांचे तुकडे जोडायचे, सारखी जमीन सारख्या जमिनीला लागली की एक अंडं उचलायचं, आत ड्रॅगनचं पिल्लू असेल किंवा रिकामं कवच. वाचायला काही नाही, निवडायला पुरेसं आहे. २०१७ ची लाल सोंगटी मिळवणाऱ्या ‘किंगडोमिनो’चा तो धाकटा भाऊ. पण निळी सोंगटी आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नका. दुकानात शक्य असेल तर खोका उलटा करून मांडलेल्या खेळाचा फोटो बघा आणि स्वतःला विचारा, इतकं मांडायला किती वेळ लागेल? पाच मिनिटांपेक्षा जास्त लागत असेल तर मांडून होईपर्यंत चार वर्षांचं मूल निघून गेलेलं असतं.

भेट द्यायची असेल आणि घरातल्या मुलांची वयं नीट माहीत नसतील, तर प्राण्यांचा ढीग द्या. तो चारपासून आजीपर्यंत सगळ्यांना चालतो आणि लाकूड फाटत नाही. र्‍हायनो हिरो स्वतःसाठी घेणार असाल तर पानं सांभाळून वापरा. भिंतींच्या घड्या वापरानं सैल होतात. आमच्याकडच्या दोन झाल्या आहेत, त्या आम्ही तळमजल्याला लावत नाही. थोरली त्या हळूच आजीच्या वाट्याला सरकवते.